आदिग्रहीय तबकडीचा ऱ्हास

नवजात ताऱ्याभोवती फिरणारी वायू व धूळ यांची तबकडी कालांतराने विरून जाण्याची प्रक्रिया. गुरू-शनीसारख्या ग्रहांना लागणारा हायड्रोजन व हीलियम तबकडी विरण्यापूर्वीच गोळा व्हावा लागतो, म्हणून ग्रहनिर्मितीच्या सिद्धांतांत या कालमर्यादेला फार महत्त्व आहे.

निरनिराळ्या वयांच्या तारकागुच्छांत किती ताऱ्यांभोवती तप्त धुळीचे अवरक्त प्रारण आढळते, यावरून तबकडीचा आयुष्यकाल काढतात. हेश, एलिझाबेथ लाडा व चार्ल्स लाडा यांच्या २००१ मधील पाहणीनुसार सुमारे ३० लाख वर्षांत निम्म्या तबकड्या नाहीशा होतात व ६० लाख वर्षांपर्यंत बहुतेक सर्व. मात्र गुच्छांची वये ताऱ्यांच्या प्रतिमानांवरून ठरतात आणि काहींची वये याच्या जवळपास दुप्पट असावीत, असेही मत आहे. हे आकडे ढोबळ मानणेच इष्ट.

वायू ताऱ्यावर पडत राहिल्याने तबकडी क्षीण होते. त्यासाठी वायूचा कोनीय संवेग (फिरण्याची मात्रा) कमी व्हावा लागतो. तो कसा कमी होतो, हा वादाचा मुख्य मुद्दा आहे. बाल्बस व हॉली यांनी १९९१ मध्ये दुर्बल चुंबकीय क्षेत्रामुळे उद्भवणारा संक्षोभ (वायूची खळबळ) हे कारण पुढे केले. परंतु तबकडीचा मध्यस्तर थंड व जवळजवळ आयनरहित असल्याने तेथे क्षेत्राची वायूवर पकड बसत नाही. त्यामुळे ब्लँडफोर्ड व पेन यांच्या १९८२ च्या कल्पनेवर आधारलेले, चुंबकीय वारा (चुंबकीय क्षेत्राच्या रेषांवरून तबकडीबाहेर फेकला जाणारा वायू) संवेग वाहून नेतो हे मत पुन्हा बळावले. अनेक तबकड्यांत संक्षोभ फारच मंद आढळल्याने तेच अधिक ग्राह्य वाटते.

अर्धवट रिकाम्या तबकड्या थोड्याच आढळतात. म्हणजे शेवट झपाट्याने होत असावा. क्लार्क व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याची उपपत्ती दिली. ताऱ्याच्या जंबुपार किरणांनी सुमारे १०,००० केल्व्हिनपर्यंत तापलेला पृष्ठभागावरील वायू ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणातून निसटतो. आतल्या भागाकडे येणारा वायूचा पुरवठा या गळतीपेक्षा कमी झाला, की सूर्यासारख्या ताऱ्यापासून एक-दोन खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) फट पडते. आतला भाग ताऱ्यात रिकामा होतो आणि उरलेली तबकडी सुमारे एक लाख वर्षांत आतल्या कडेपासून बाहेरच्या दिशेने उडून जाते. क्ष-किरण धरल्यास गळती कितीतरी जास्त निघते. कोणते किरण प्रमुख, हे ठरलेले नाही.

तापून निसटणाऱ्या वायूच्या अशा वाऱ्याचा पुरावा वासुकी तारकासमूहातील, सुमारे २०० प्रकाशवर्षे दूरच्या टीडब्ल्यू हायड्री या ताऱ्याजवळ मिळाला. त्याची तबकडी आपल्याला जवळजवळ समोरून दिसते. आयनीभूत निऑनची १२.८१ मायक्रोमीटरची रेषा तेथे सेकंदाला सुमारे ५ किमी. वेगाइतकी निळीकडे सरकलेली आढळली (२००९). पलीकडच्या बाजूचा वायू धुळीआड राहतो, म्हणून आपल्याकडे येणाऱ्याच वायूची नोंद होते.

मृगातील तेजोमेघात शेजारच्या तेजस्वी ताऱ्याच्या प्रारणानेही तबकड्या झिजतात.

आपल्या सूर्याच्या तबकडीबाबतचा पुरावा अँग्राइट या प्राचीन ज्वालामुखीय उल्कापाषाणांतून मिळतो. सूर्यमालेतील पहिल्या घन कणांनंतर सुमारे ४० लाख वर्षांनी थिजलेल्या या पाषाणांत चुंबकीय क्षेत्राची खूण जवळजवळ नाही. तबकडीतील चुंबकीय क्षेत्र वायूमुळेच टिकते, म्हणून तेव्हा वायू ओसरला होता, असे अनुमान २०१७ मध्ये मांडण्यात आले.