श्वसनौषध उपकरणांची सुगम्य रचना

श्वासावाटे औषध देणारी, हातात मावणारी किंवा पिशवीतून सहज नेता येणारी उपकरणे दिव्यांग व्यक्तींना शक्यतो दुसऱ्याच्या मदतीवाचून वापरता यावीत, या दृष्टीने त्यांची घडण, खुणा, सूचना आणि जोडसाधने योजण्याला श्वसनौषध उपकरणांची सुगम्य रचना म्हणतात. इन्हेलर, स्पेसर, नेब्युलायझर आणि काही अंशी वाफाऱ्याची यंत्रे यांचा त्यात समावेश होतो. कर्नाटकाच्या सीमाभागात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी व चिक्कोडी या मराठी वस्तीच्या पट्ट्यात, या विषयाला दुहेरी महत्त्व आहे. चुलीचा धूर, निपाणीच्या वखारींतील तंबाखूची धूळ, बेळगावच्या उद्यमबाग भागातील फौंड्र्या आणि खानापूरकडील लांबलेला पावसाळा यांमुळे धाप, दमा व सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार) यांचे रुग्ण येथे घरोघरी परिचित आहेत. आणि उपकरणावरील सूचना ज्या भाषेत असतात ती यांपैकी अनेकांच्या वाचनाची भाषा नसते.

सुगम्यतेच्या व्यापक विचाराला ‘सर्वसमावेशक अभिकल्प’ (युनिव्हर्सल डिझाइन) या संकल्पनेने आकार दिला. अमेरिकेतील वास्तुविशारद रॉनल्ड मेस हे बालपणीच्या पोलिओमुळे चाकाची खुर्ची वापरत असत; त्यांच्या पुढाकाराने नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातील अभ्यासगटाने १९९७ मध्ये या अभिकल्पाची सात तत्त्वे मांडली. माहिती एकाहून अधिक इंद्रियांना कळावी, चूक झाली तरी इजा होऊ नये आणि वापरण्यास फार जोर लागू नये, ही त्यांतील तीन तत्त्वे श्वसनौषध उपकरणांना विशेष लागू पडतात. प्रचलित उपकरणे मात्र अजूनही एका गृहीत माणसासाठी घडवलेली आहेत: त्याचे दोन्ही हात धड आहेत, अंगठ्यात बळ आहे, डोळ्यांना बारीक अक्षर दिसते आणि धाप लागलेली असतानाही तो क्रमाने सहा-सात कृती करू शकतो.

हाताचा प्रश्न

दाबून फवारा सोडणारा इन्हेलर, ज्याला बोलीत नुसते ‘पंप’ म्हणतात, अमेरिकेतील रायकर प्रयोगशाळेने १९५६ मध्ये बाजारात आणला. त्यातील धातूची डबी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत दाबावी लागते आणि त्याच क्षणी सावकाश श्वास आत ओढावा लागतो. दाबण्यासाठी लागणारा जोर निरोगी माणसाला जाणवतही नाही. परंतु संधिवाताने सुजलेल्या बोटांना, पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हाताला, किंवा वर्षानुवर्षे विड्या वळून आखडलेल्या बोटांना तो पुरेसा देता येत नाही. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तींच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी असते: बोटे वाकलेली असतात, आणि बोटांना स्पर्श कळत नसल्यामुळे डबी पुरती दाबली गेली की नाही हेही उमगत नाही.

यावरचे उपाय बहुतेक साधे आहेत. इन्हेलरभोवती बसणारी प्लॅस्टिकची पकड मिळते. ती घातली की चिमटीऐवजी पूर्ण मूठ आवळून फवारा सोडता येतो, म्हणजे अंगठ्याचे काम पंजाकडे जाते. परदेशात ‘हेलरएड’ या नावाने ती ओळखली जाते. श्वास ओढताच आपोआप फवारा सोडणारे इन्हेलर हा दुसरा मार्ग होय. त्यात हात आणि श्वास यांचा मेळ साधावा लागत नाही, मात्र काही नमुन्यांत आधी एक खटका उचलावा लागतो आणि तो अशक्त बोटांना जड जातो. टोपण पट्टीने अंगालाच जोडलेले असणे ही क्षुल्लक वाटणारी सोय एका हाताने वावरणाऱ्याला मोठी असते, कारण सुटे टोपण काढताना इन्हेलर मांडीत धरावा लागतो आणि टोपण हमखास खाटेखाली जाते.

या सर्वांत स्पेसरचे स्थान वरचे आहे. फवारा आणि तोंड यांच्यामध्ये बसणाऱ्या या पोकळ नळकांड्यात औषध क्षणभर तरंगत राहते, त्यामुळे दाबणारा एक आणि श्वास घेणारा दुसरा असला तरी चालते. ओठ घट्ट मिटता येत नसलेल्या, चेहऱ्याच्या लकव्याच्या किंवा मेंदूच्या पक्षाघाताच्या रुग्णांना त्याला मास्क जोडून औषध देता येते. स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून न पुसता वाळवायचा असतो, कारण कापडाने घासल्यास प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत साठते आणि औषधाचे कण भिंतीलाच चिकटतात. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात, जेथे दोरीवरचे कपडेही दिवसेंदिवस वाळत नाहीत, ही सूचना पाळण्यासाठी दोन स्पेसर आलटून पालटून वापरणेच व्यवहार्य ठरते.

दृष्टीचा प्रश्न

कोरड्या भुकटीची कॅप्सूल वापरणारे उपकरण भारतात स्वस्त व सर्वत्र उपलब्ध असल्याने सीमाभागातील छोट्या गावांतील मेडिकलमध्येही ते मिळते. रोटाहेलर हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार. त्यात कॅप्सूल चौकोनी भोकात खोचून तळभाग फिरवला की तिचे दोन तुकडे होतात आणि भुकटी मोकळी होते. सूचनेत कॅप्सूलचे ‘पारदर्शक टोक’ आधी घालण्यास सांगितलेले असते. ही सूचना केवळ डोळ्यांना उद्देशून आहे. अंध व्यक्तीला पारदर्शक आणि रंगीत यांतील भेद निरर्थक असतो. तिला उपयोगी पडेल ती खूण वेगळीच आहे. कॅप्सूलचा एक भाग दुसऱ्यावर टोपीसारखा बसलेला असतो आणि त्या जोडाची बारीक कड बोटाच्या टोकाला जाणवते. पारदर्शक भाग टोपीकडचा की आतला, हे कोणी एकदा पाहून सांगितले की पुढे प्रत्येक वेळी स्पर्शावरून दिशा ठरवता येते. कोणत्याही माहितीपत्रकात ही गोष्ट लिहिता आली असती.

औषध खरोखर आत गेले का, हे कळण्याचे मार्गही उपकरणागणिक बदलतात. पारदर्शक उपकरणात उरलेली भुकटी दिसते. कॅप्सूल टोचून वापरण्याच्या उपकरणांत श्वास पुरेसा जोरात असेल तर ती फिरून घरघर असा आवाज करते, जो अंधांना उत्तम संकेत ठरतो आणि कर्णबधिरांना ऐकू येत नसला तरी बोटांना व ओठांना कंपाच्या रूपाने जाणवू शकतो. काही स्पेसरांत श्वास फार वेगाने ओढल्यास शिट्टी वाजते. येथे शिट्टी ही चुकीची खूण आहे आणि कॅप्सूलची घरघर ही बरोबर झाल्याची; एकाच घरात दोन्ही साधने असतील तर हा फरक आवर्जून समजावून द्यावा लागतो.

औषध किती उरले हा अधिक गंभीर प्रश्न आहे. डबी हलवून पाहण्यात अर्थ नसतो, कारण औषधाच्या ठरलेल्या मात्रा संपल्यावरही आत प्रणोदक (फवारा बाहेर ढकलणारे) द्रव्य शिल्लक राहते आणि फवारा नेहमीसारखाच उडतो. डबी पाण्यात तरंगवून पाहण्याची जुनी युक्तीही भरवशाची नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये नव्या इन्हेलरवर मात्रागणक, म्हणजे उरलेल्या मात्रा दाखवणारा आकडा, असावा अशी मार्गदर्शक शिफारस केली. हे गणक आले तरी त्यांवरील आकडे ज्वारीच्या दाण्याएवढे असतात. मंददृष्टी व्यक्तीला त्याचा लाभ भिंगाशिवाय होत नाही व अंध व्यक्तीला मुळीच होत नाही. मराठीतून बोलणारा मोबाइल हा एक पर्याय आहे. परंतु रोज ठरलेल्या मात्रा घेणाऱ्याने नवा पंप उघडताना संपण्याची तारीख ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे त्याहून सोपे.

आराम देणारा पंप आणि रोजचा प्रतिबंधक पंप यांतील भेद रंगांवर सोपवलेला असतो. तातडीचा बहुधा निळा असतो, पण बाकीच्या रंगांत कंपनीनुसार फरक पडतो. एका पंपाला रबरबँड गुंडाळणे ही अंध वापरकर्त्यांत रूढ असलेली युक्ती रंगापेक्षा विश्वासार्ह आहे. युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशानुसार औषधाच्या वेष्टनावर ब्रेलमध्ये नाव छापणे बंधनकारक केले, आणि टर्बुहेलर या उपकरणाच्या फिरवावयाच्या तळाशी ओळखीसाठी ब्रेल चिन्हे दिलेली आढळतात. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख औषधनामांच्या वेष्टनावर क्यूआर कोड आवश्यक झाला. तो औषधाची ओळख पटवतो, पण गुळगुळीत खोक्यावर तो नेमका कोठे छापला आहे हे हाताला कळत नाही.

श्वास आणि क्रम

दाबायच्या पंपातून श्वास सावकाश ओढायचा, तर भुकटीच्या उपकरणातून जोरात व खोल. बौद्धिक अक्षमता किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला ही परस्परविरोधी शिकवण देण्यापेक्षा तिची सर्व औषधे एकाच प्रकारच्या उपकरणातून देणे हितावह असते. स्नायुक्षयात श्वासाचा जोरच अपुरा पडतो, म्हणून भुकटीचे उपकरण टाळावे लागते.

नेब्युलायझर व वाफारा

ज्यांना वरीलपैकी काहीच जमत नाही त्यांच्यासाठी नेब्युलायझर असतो: द्रव औषधाचे सूक्ष्म तुषार करून ते मास्कवाटे नेहमीच्या श्वासाबरोबर दिले जातात. हवेच्या दाबावर चालणारे यंत्र जड, आवाजी आणि विजेवर अवलंबून असते; वीज गेली की इन्व्हर्टर नसलेल्या घरात ते निरुपयोगी ठरते. शिवाय त्याची औषधाची वाटी उभीच धरावी लागते, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्याला ते अडचणीचे होते. जाळीच्या कंपनावर चालणारा नेब्युलायझर हातात मावतो, बॅटरीवर चालतो आणि जवळजवळ नि:शब्द असतो. हा गुण अंध व्यक्तीसाठी मात्र दोष ठरतो, कारण यंत्र सुरू आहे की संपले हे तिला कळायला आवाज उरत नाही. संपल्यावर वाजणारी व कंप पावणारी सूचना असलेला नमुनाच तिने निवडावा. औषधाच्या प्लॅस्टिक कुपीचे पिळून तोडायचे टोक हा सार्वत्रिक अडसर आहे. चिमटा किंवा छोटी पक्कड जवळ ठेवल्यास तो सुटतो. मास्क सैल बसल्यास इप्राट्रोपियमसारखे औषध डोळ्यांत जाऊन काचबिंदूच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो, म्हणून दृष्टी आधीच क्षीण असलेल्यांनी शक्य असेल तेथे तोंडात धरायची नळी वापरावी.

वाफाऱ्याचे यंत्र करोनाकाळात घरोघरी पोचले. साध्या वाफेने चोंदलेले नाक मोकळे वाटते, पण आकसलेल्या श्वासनलिका त्याने रुंदावत नाहीत. दम्याच्या झटक्यात ते नेब्युलायझरची जागा घेऊ शकत नाही. त्वचेची संवेदना गेलेल्या किंवा हात थरथरणाऱ्या व्यक्तीला त्यापासून भाजण्याचा खरा धोका असतो. रुंद बूड, पाणी संपताच बंद होणारा खटका आणि न कलंडणारे भांडे या किमान अपेक्षा होत.

भाषा

खोक्यावरचा मजकूर मुख्यतः इंग्रजीत, सरकारी दवाखान्यातील फलक कन्नडमध्ये आणि आजीचे वाचन मराठीत, ही सीमाभागातील नित्याची स्थिती आहे. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्के किंवा अधिक असलेल्या भागात महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे तत्त्व राज्यपुनर्रचनेनंतरच्या काळातच मान्य झालेले आहे. त्याच्या अंमलबजावणीचा वाद येथे जुनाच आहे. पण खाजगी कंपनीचे माहितीपत्रक त्या तत्त्वाच्या कक्षेत येतच नाही. त्यामुळे प्रत्यक्ष शिकवण्याला पर्याय नाही. ‘आजी, आधी श्वास पूर्ण सोडा, मग ओठ मिटून सावकाश ओढा, आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवा’ एवढे सांगून थांबू नये, आजींनाच ते करून दाखवायला लावावे. आशा कार्यकर्तीने ही उजळणी प्रत्येक भेटीत घेतल्यास चुका लवकर ध्यानात येतात. ओठांवरून बोलणे समजून घेणाऱ्या कर्णबधिरांसाठी शिकवणाऱ्याने स्वतःचा मास्क उतरवणे किंवा पारदर्शक मास्क वापरणे आवश्यक असते.

कायदा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केलेले आहेत. दमा किंवा सीओपीडी त्यांत नाहीत, त्यामुळे केवळ श्वासाच्या आजारावरून अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ४३ नुसार सर्वसमावेशक अभिकल्पाच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या निर्मिती व वितरणाला शासनाने चालना द्यावयाची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक नव्हे तर बंधनकारक असावेत असा निर्णय दिला. पंप किंवा नेब्युलायझर यांना तो विचार कधी लागू होतो हे निकष प्रत्यक्ष आखले जातील तेव्हाच ठरेल.

जर्मनीसारख्या देशांत वनस्पतिज औषध न जाळता तापवून त्याची वाफ देणारी हातउपकरणे वैद्यकीय साधने म्हणून मान्य आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींत तापमान गाठल्याची सूचना कंपनाने मिळते. भारतात अशा उपकरणांचा मार्ग इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध अधिनियम, २०१९ ने जवळजवळ बंद केला आहे. त्यानुसार ई-सिगारेट तसेच तापवून वापरायची तत्सम साधने यांचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी असून साठवण सोडून इतर बाबींत पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात; साठवणीसाठी ही मर्यादा सहा महिने कैद व पन्नास हजार रुपये दंड अशी आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये परवाना मिळालेली उत्पादने या व्याख्येतून वगळलेली आहेत. जाळीचा छोटा नेब्युलायझर दिसायला वेपपेनसारखा असल्याने गोवा किंवा महाराष्ट्राच्या सीमा ओलांडून प्रवास करणाऱ्याने, विशेषतः ज्याला बोलून खुलासा करणे कठीण जाते अशा व्यक्तीने, डॉक्टरांची चिठ्ठी उपकरणाच्या पिशवीतच ठेवणे सोयीचे ठरते.