बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन : उपचार घेण्यापूर्वी ग्राहकांनी वाचावे असे माहितीपत्रक

आमच्या क्लिनिकमध्ये या इंजेक्शनसाठी येणारे ग्राहक साधारणपणे दोन प्रकारचे असतात. काहींना कपाळावरच्या आठ्या किंवा डोळ्यांच्या कडेच्या रेषा कमी करून हव्या असतात, तर काहींना काखेतला अतोनात घाम, जुनाट अर्धशिशी किंवा पक्षाघातानंतर आखडलेला हात यांसाठी त्यांच्या डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवलेले असते. पहिल्यांपैकी अनेकांना हे औषध आजारावरही वापरतात हे ठाऊक नसते आणि दुसऱ्यांना ‘हे नटनट्यांचे इंजेक्शन आपल्याला कशाला’ असा संकोच वाटतो. औषध दोघांसाठी एकच आहे आणि शरीरात ते करते ते कामही एकच आहे, म्हणून माहितीपत्रकही आम्ही एकच काढले आहे.

औषध नेमके काय करते

स्नायू आकसावा असा मेंदूचा हुकूम चेतातंतूच्या टोकापर्यंत पोहोचला की तिथून ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन बाहेर पडते आणि ते मिळताच स्नायू आकसतो. हे रसायन बाहेर पडण्यासाठी स्नॅप-२५ नावाचे प्रथिन लागते. ए प्रकारचे बोट्युलिनम टॉक्सिन नेमके तेच प्रथिन तोडते, त्यामुळे हुकूम टोकापाशीच अडतो आणि ज्या स्नायूत सुई गेली तेवढा स्नायू सैल पडतो. चेतातंतू मरत नाही, काही आठवड्यांनी तो पुन्हा कामाला लागतो, आणि तीन ते चार महिन्यांत बहुतेकांचा स्नायू पूर्ववत होतो. घामाच्या ग्रंथीही याच रसायनाच्या हुकमावर चालत असल्याने घामावरही हा उपचार लागू पडतो. या औषधाचे फायदे, त्याच्या मर्यादा आणि त्याचे दुष्परिणाम हे सगळे या एकाच कृतीतून निघतात, एवढे लक्षात ठेवले तर पुढचा मजकूर समजायला सोपा जाईल.

‘हे विष आहे का’ या प्रश्नाला आमचे उत्तर ‘हो’ असेच असते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू नीट न केलेल्या डबाबंद अन्नात वाढला तर हेच द्रव्य तयार करतो आणि त्यातून बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होतो. जर्मनीतील युस्टिनुस केर्नर या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खराब सॉसेज खाऊन आजारी पडलेल्यांची तपशीलवार नोंद केली होती, आणि हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात औषध म्हणून चालू शकेल असा अंदाजही त्याच वेळी बांधला होता. तो प्रत्यक्षात यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी हे इंजेक्शन माणसांवर वापरले आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांची अनावर उघडझाप यांसाठी त्याला मान्यता दिली. सुरकुत्यांसाठीची मान्यता २००२ सालची आहे. म्हणजे हे मुळात आजारावरचे औषध आहे, सौंदर्याचा वापर नंतर आला.

शंभर युनिटांच्या बाटलीत टॉक्सिनचे प्रमाण एका मिलिग्रॅमच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते. बाटलीच्या तळाशी जो पांढरट पापुद्रा दिसतो तो बहुतांशी अल्ब्युमिन आणि मीठ यांचा असतो. आमच्याकडे बाटली आपल्यासमोर फ्रीजमधून काढली जाते. सलाईन भरलेल्या सिरिंजची सुई रबरी बुचातून आत शिरली की बाटलीतल्या निर्वातामुळे सलाईन आपोआप आत ओढले जाते. तसे ते ओढले गेले नाही, तर डॉक्टर ती बाटली बाजूला ठेवून दुसरी घेतात.

चेहऱ्यावरच्या रेषांसाठी

चेहऱ्यावरच्या रेषा दोन प्रकारच्या असतात. कपाळाला आठ्या घातल्यावर, हसल्यावर किंवा उन्हात डोळे बारीक केल्यावर ज्या उमटतात त्या स्नायूंच्या हालचालीने पडतात आणि या इंजेक्शनने त्या निश्चितपणे मऊ होतात. चेहरा अगदी शांत असतानाही दिसणाऱ्या खोल घड्या, ओघळलेले गाल किंवा नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या रेषा मात्र त्वचेच्या, चरबीच्या आणि वयाच्या आहेत. त्यांच्यासाठी फिलर किंवा अन्य उपचार असतात आणि तो विषय वेगळा आहे. फिलर म्हणजेच बोटॉक्स (बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनचा एक ब्रँड) असा समज फार पसरलेला आहे. फिलरने जागा भरली जाते, या औषधाने स्नायू सैल होतो.

दोन भुवयांमधल्या उभ्या रेषांसाठी बोटॉक्स या ब्रँडची ठरलेली मात्रा पाच ठिकाणी चार-चार, म्हणजे एकूण २० युनिट आहे. डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी दोन्ही बाजू मिळून २४ युनिट लागतात. डिस्पोर्ट या ब्रँडची भुवयांमधल्या त्याच रेषांसाठीची मात्रा ५० युनिट असते, कारण युनिट हे प्रत्येक उत्पादकाचे आपापले जैविक माप आहे आणि एका ब्रँडचे युनिट दुसऱ्याच्या युनिटाशी जुळत नाही. त्यामुळे ‘तिकडे पन्नास युनिट दिले, तुम्ही वीसच कसे देता’ ही तक्रार करण्यापूर्वी तिकडे कोणते औषध दिले होते ते पाहावे लागते. ‘एका भागाचे इतके’ असा दर सांगितला गेला, तर त्या भागात किती युनिट जाणार आणि कोणत्या ब्रँडचे, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

कपाळाच्या आडव्या रेषांबाबत आम्ही मुद्दाम सावध राहतो. ज्यांच्या पापण्या वयामुळे जड झाल्या आहेत ते नकळत कपाळाच्या स्नायूने भुवया वर उचलून धरतात आणि आठ्या त्यामुळेच पडलेल्या असतात. तो स्नायू सैल केला की कपाळ नितळ होते, पण भुवया खाली येऊन डोळ्यांवर ओझे आल्यासारखे वाटते. अशा ग्राहकांना आम्ही कपाळावर इंजेक्शन घेऊ नका असे सांगतो, आणि काही जण नाराज होऊन जातात. जबडा निमुळता दिसावा किंवा झोपेत दात खाणे कमी व्हावे म्हणून गालाच्या चावणाऱ्या स्नायूतही हे औषध दिले जाते. तो वापर प्रचलित असला तरी वर सांगितलेल्या मान्यतांमध्ये बसत नाही, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी आपल्याला ठाऊक असावे.

परिणाम दोन-तीन दिवसांत जाणवू लागतो आणि पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात. लग्नसराईत आदल्या आठवड्यात धावत येणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. कार्याच्या किमान महिनाभर आधी यावे, म्हणजे काही कमीजास्त झाले तर दुरुस्तीला अवधी राहतो.

आजारांसाठी

काखेत इतका घाम येतो की दिवसातून दोनदा शर्ट बदलावा लागतो, अशी तक्रार असलेल्यांसाठी हा उपचार फार समाधानकारक ठरतो. आधी घाम नेमका कुठे येतो ते शोधतात. काखेला आयोडीनचे द्रावण लावून वाळू देतात आणि वरून कोरडे स्टार्च भुरभुरतात. काही मिनिटांत घामाच्या जागी गडद जांभळे ठिपके उमटतात, शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकल्यावर दिसायचे तसे. त्या डागाची कड पेनाने आखून तिच्या आत दहा-पंधरा ठिकाणी अगदी वरच्यावर सुई टोचतात. प्रत्येक काखेत ५० युनिट जातात आणि परिणाम अनेकांना सहा महिने किंवा त्याहून अधिक टिकतो. या तपासणीला येण्याच्या आदल्या दिवसापासून डिओडरंट लावू नये. तळहातांच्या घामासाठीही हे इंजेक्शन देता येते, पण ते बरेच दुखते, म्हणून हात आधी बधिर करावा लागतो. शिवाय काही आठवडे चिमटीतला जोर कमी होऊन गुंडी लावणे किंवा सुईत दोरा ओवणे अवघड जाऊ शकते. शिवणकाम, सोनारकाम किंवा वाद्यवादन करणाऱ्यांनी हे आधी सांगावे.

अर्धशिशीच्या बाबतीत नियम काटेकोर आहे. महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोके दुखते आणि दुखणे चार तास किंवा जास्त टिकते, अशा जुनाट अर्धशिशीतच हे इंजेक्शन सुचवले जाते. महिन्यातून दोन-चार वेळा उठणाऱ्या अर्धशिशीवर ते उपयोगी ठरल्याचे दिसलेले नाही. कपाळ, कानशिले, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून ३१ ठिकाणी एकूण १५५ युनिट देतात आणि दर १२ आठवड्यांनी पुन्हा देतात. पहिल्याच खेपेला फरक पडला नाही म्हणून उपचार सोडू नये, निदान दोन खेपांनंतर डोकेदुखीची वही पाहून निर्णय घ्यावा. ही वही आम्ही देतो आणि ती भरलेली असावी असा आमचा आग्रह असतो.

पक्षाघातानंतर मूठ इतकी घट्ट मिटते की तळहात धुता येत नाही, नखे कापता येत नाहीत आणि ती आत रुतून जखमा होतात. हातात पुन्हा ताकद आणणे या औषधाला जमत नाही, पण मूठ सैल झाली की हात स्वच्छ ठेवता येतो, बाही चढवता येते आणि काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांचे रोजचे कष्ट कमी होतात. सेरेब्रल पाल्सीमुळे टाचा न टेकता चवड्यांवर चालणाऱ्या मुलांच्या पोटरीतही हे इंजेक्शन देतात. दोन्ही ठिकाणी फिजिओथेरपी आणि हाता-पायाला बांधायचा आधाराचा पट्टा नियमित नसेल तर इंजेक्शनचा खर्च वाया जातो. स्नायू सैल असण्याचे तीन महिने ही व्यायामासाठी मिळालेली मुदत समजावी. मान एका बाजूला वळून राहणे, पापण्यांची अनावर उघडझाप आणि अर्धा चेहरा फडफडणे यांतही या उपचाराने चांगला आराम मिळतो. लघवी आवरता न येण्याच्या तक्रारीत औषध दुर्बिणीतून थेट मूत्राशयाच्या भिंतीत दिले जाते. ते मूत्ररोगतज्ज्ञांचे काम आहे आणि आमच्याकडे केले जात नाही.

कोणी घेऊ नये

मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा चेता आणि स्नायूंमधील जोडाचा आजार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातांनी, आणि टोचण्याच्या जागी पुरळ किंवा संसर्ग असलेल्यांनी हे इंजेक्शन घेऊ नये. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर डिस्पोर्ट चालत नाही. जेंटामायसिन किंवा अमिकासिन या प्रतिजैविकांची इंजेक्शने चालू असतील तर या औषधाचा जोर वाढतो, म्हणून ती माहिती लपवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आम्हाला सांगावे, पण आपल्या मनाने बंद करू नयेत. थोडा काळानिळा डाग पडणे हृदयाची गोळी चुकण्यापेक्षा कितीतरी परवडते.

इंजेक्शनच्या दिवशी आणि नंतर

चेहऱ्यावरच्या इंजेक्शनला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. नंतर चार तास आडवे होऊ नये आणि त्या दिवशी चेहरा चोळणे, मालिश, वाफ, जोराचा व्यायाम व शीर्षासन टाळावे. दिवाळीच्या दिवसांत अभ्यंगस्नानाच्या आदल्या दिवशीची वेळ घेऊ नये, हे सांगावेच लागते. कपाळावर इंजेक्शन घेणार असाल तर दुचाकीवर येऊ नका. घट्ट हेल्मेटचा दाब टोचलेल्या जागी नको आणि हेल्मेटशिवाय गाडी चालवणे तर मुळीच नको, तेव्हा रिक्षाने यावे.

टोचल्या जागी किंचित सूज, काळेनिळे डाग आणि पहिल्या दिवशी डोके दुखणे हे नेहमीचे असते. औषध शेजारच्या स्नायूत पसरल्यास एक पापणी अर्धवट खाली येऊ शकते. भुवयांमधल्या इंजेक्शनच्या चाचण्यांमध्ये हे शंभरातील सुमारे तिघांना झाले होते. ते काही आठवड्यांत आपोआप सुधारते आणि तोवर डोळ्यांत घालायच्या थेंबांनी थोडी मदत होते. मानेत इंजेक्शन घेतलेल्यांना गिळायला त्रास होऊ शकतो. क्वचित प्रसंगी औषधाचा परिणाम दूरवर जातो, त्यामुळे एकाचे दोन दिसणे, बोलणे अडखळणे, गिळता न येणे किंवा श्वास लागणे यांपैकी काहीही जाणवल्यास आम्हाला फोन करण्यात वेळ न घालवता थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे आणि कोणते इंजेक्शन कधी घेतले ते तिथे सांगावे.

स्वस्तातले इंजेक्शन

ज्या औषधाचा परिणाम मात्रेवर आणि जागेवर इतका अवलंबून आहे ते पार्लरमध्ये, हॉटेलच्या खोलीत किंवा मैत्रिणींच्या गटात टोचून घेण्याचा मोह टाळावा. २०२३ साली वजन कमी व्हावे म्हणून तुर्कस्तानात जठराच्या भिंतीत हे इंजेक्शन घेऊन परतलेल्या युरोपातील अनेकांना बोट्युलिझम झाला. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्सच्या बाटल्या सापडल्याचे तिथल्या औषध प्रशासनाने जाहीर केले. आमच्याकडे बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख आपल्याला दाखवली जाते आणि दिलेल्या युनिटांसह ती आपल्या कार्डावर लिहिली जाते.

पुढची भेट आणि बिल

दोन आठवड्यांनी तपासणीसाठी यावे, त्या भेटीचे वेगळे पैसे घेतले जात नाहीत. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत पुन्हा इंजेक्शन देणे आम्ही टाळतो, कारण वारंवार आणि मोठ्या मात्रेत दिल्यास शरीर या औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते आणि मग खरी गरज असतानाही ते लागू पडत नाही. सौंदर्यासाठीच्या उपचाराच्या बिलात जीएसटी वेगळा दाखवला जातो आणि तो खर्च आरोग्य विम्यातून सहसा मिळत नाही. आजारासाठी घेतलेल्या इंजेक्शनचा दावा करायचा असल्यास मूळ डॉक्टरांची चिठ्ठी, निदानाची कागदपत्रे आणि बॅच क्रमांक असलेले आमचे बिल एकत्र जोडावे आणि विमा कंपनीची पूर्वमंजुरी इंजेक्शनच्या तारखेआधीच मागावी. आधी दुसरीकडे उपचार घेतला असेल तर तिथली चिठ्ठी किंवा बाटलीवरच्या लेबलचा फोटो पहिल्याच भेटीत सोबत आणावा.