कमी किलोमीटर फिरलेली जुनी सेडान चांगलीच असते का?

‘मीटरवर किलोमीटर कमी असतील, तर गाडी डोळे झाकून घ्यावी’, असा संदेश अनेक वर्षे फिरत आहे. कमी वापर म्हणजे कमी झीज, हा त्यामागचा तर्क वरवर पटण्यासारखा असला, तरी तो अपुरा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे डिजिटल मीटरवरील आकडाही उपकरणाने मागे नेता येतो. त्यामुळे जुन्या सर्व्हिस बिलांवरील तारखा व किलोमीटर क्रमाने जुळवून पाहावेत. तीस हजार दाखवणाऱ्या गाडीचे क्लच-ब्रेकच्या पेडलवरील रबर गुळगुळीत झाले असेल, तर शंका घेणे रास्त आहे. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. किलोमीटर कमी असूनही टायर गाडीपेक्षा बरेच नवे असतील, तर ते का बदलले, हे विचारावे.

आकडा खरा असला, तरी किलोमीटर कोणते, हा प्रश्न उरतोच. नाशिक-मुंबई महामार्गावर एका लयीत धावलेल्या गाडीच्या क्लचची झीज, नाशिक शहरातच सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) ते कॉलेज रोड अशा थांबत-थांबत केलेल्या फेऱ्यांपेक्षा सहसा कमी असते. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही आणि बीएस-६ (प्रदूषणाचे कडक निकष) डिझेल गाडीत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर तुंबू शकतो. शिवाय उभ्या गाडीचेही रबर, बॅटरी आणि ब्रेक ऑइल वयानुसार खराब होतच असतात.

म्हणून केवळ आकड्यावर न जाता रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी आपल्यासमोरच सुरू करायला सांगावी; थंड इंजिन सुरू होतानाचे दोष गरम इंजिनात लपू शकतात. विक्रेत्याने ती आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.