काळवंडलेला टालर घासू नका

1520च्या सुमारास बोहेमियातल्या (आजच्या चेकियातल्या) योआखिम्सटाल या खाणींच्या गावात श्लिक घराण्याच्या सरदारांनी चांदीची जाडजूड नाणी, म्हणजेच टालर, पाडायला घेतली. एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा सिंह. 1528 मध्ये राजा फर्डिनांडने टाकसाळ ताब्यात घेतली. पुढे याच गावच्या खनिजातून क्युरी दांपत्याने रेडियम शोधलं, पण संग्राहकाचा जीव अडकतो तो श्लिकांच्या टालरमध्ये. पाडलेली नाणी पुष्कळ होती, पण बहुतेक मुशीत गेली. सुरतेला उतरलेल्या युरोपीय चांदीच्या नाण्यांचंही असंच झालं, ती वितळवून त्यांचे मोगल रुपये बनले. त्यातून जे सुटलं, ते आज दुर्मीळ.

अशा नाण्याची पारख तराजूवर सुरू होते. टालरचं वजन सुमारे 29 ग्रॅम, चांदी जवळपास 93 टक्के, बाकी तांबं. धाग्याला बांधून पाण्यात बुडवून तोललं, तर वजनात साधारण 2.8 ग्रॅमची घट दिसायला हवी. चांदीचा मुलामा दिलेलं तेवढ्याच वजनाचं पितळ 3.4 ग्रॅमच्या आसपास घट दाखवतं. मात्र शिसं आणि हलका धातू मिसळून घनता जुळवता येते, म्हणून पुढची तपासणी भिंगाखाली. ही नाणी दोन ठशांमध्ये चकती ठेवून हातोड्याच्या घावाने पाडलेली. घावासरशी धातू कडेकडे सरकतो, त्याच्या बारीक रेषा अक्षरांभोवती उमटतात. साच्यात ओतलेल्या नकलेत त्या रेषा नसतात. तिथे हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे आणि बोथट अक्षरं दिसतात, कधी कडेवर सांधाही सापडतो.

आता तो काळेपणा. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे पृष्ठावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर चढतो. थर पातळ असताना त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि सोनेरी, जांभळ्या, निळ्या छटा दिसतात. वाढला की काळं. आपल्याकडे चांदी दिसली की हात आपोआप राखेकडे किंवा टूथपेस्टकडे जातो. कृपा करून थांबा! घासण्याने थराबरोबर थोडी चांदीही जाते आणि त्या सरकलेल्या धातूच्या रेषाही पुसल्या जातात. अस्सलपणाचा पुरावाच आपण खरवडून टाकतो, आणि तो परत आणता येत नाही.

नाणं कडेला धरावं, पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नये, कारण त्यातून सुटणारं आम्ल नाण्यावर हिरवट चिकट थर आणतं. रबरबँड आणि लोकरही दूर ठेवावी, दोन्हींत गंधक असतं.