पोट साफ होण्याचं औषध : महिन्याचा खर्च कसा आवरायचा
(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बीपी-शुगरच्या गोळ्यांचं बिल लोक मुकाट्यानं देतात. पोट साफ होण्याच्या औषधाचं बिल मात्र खुपतं. "नुसत्या कोठ्यासाठी एवढे पैसे?" हा प्रश्न काउंटरवर नेहमीचा. प्रश्न रास्त आहे. आमच्या अनुभवात यातला बराच खर्च औषधाच्या किमतीमुळे नाही, तर औषध चुकीच्या हिशेबानं घेतल्यामुळे होतो.

बाटलीची किंमत नको, दिवसाचा खर्च काढा

पोट साफ होण्यासाठी लॅक्टुलोजचं सिरप बरेच डॉक्टर लिहून देतात, म्हणून त्याचंच उदाहरण. आकडे केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. समजा १०० मिलीची बाटली १२५ रुपयांना आणि २०० मिलीची २२० रुपयांना आहे. रोज २० मिली घ्यायचं असेल तर लहान बाटली पाच दिवस पुरते, म्हणजे दिवसाला २५ रुपये. मोठी दहा दिवस पुरते, दिवसाला २२ रुपये. महिन्याला ९० रुपयांचा फरक पडतो. तरीही औषध पहिल्यांदाच घेत असाल तर लहानच घ्या. मानवलं नाही तर मोठी बाटली फडताळात पडून राहते.

माप औषधाबरोबर आलेल्या टोपणानंच घ्या. घरातले चमचे लहान-मोठे असतात. रोज थोडं जास्त ओतलं गेलं तर बाटली लवकर संपते आणि पोटात गॅसही धरतो.

लॅक्टुलोजचा गुण यायला २४ ते ४८ तास लागतात. ते आतड्यात पाणी ओढून मळ मऊ करतं, जुलाबाच्या गोळीसारखं रातोरात काम करत नाही. पण एक रात्र वाट पाहून "लागू पडलं नाही" म्हणत दुसरं औषध मागायला येणारे बरेच असतात. अर्धवट राहिलेल्या बाटल्या हा या दुखण्यातला सगळ्यात मोठा वाया जाणारा खर्च आहे. सुरुवातीला पोट फुगल्यासारखं वाटतं, ते बहुधा काही दिवसांत कमी होतं. सिरपचा रंग गडद झाला म्हणूनही बाटली फेकू नका. नीट ठेवलेल्या लॅक्टुलोजचा रंग थोडा बदलला तरी गुण जात नाही. मधुमेह असेल तर डॉक्टरांना तसं सांगून ठेवा, कारण या सिरपमध्ये थोडी साखर असते.

एकाच औषधाच्या किमती वेगळ्या का?

केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत लॅक्टुलोज, बिसाकोडिल (जुलाबाची गोळी) आणि इसबगोल आहेत. यादीतल्या ठरावीक मात्रेच्या औषधाची कमाल किंमत २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार एनपीपीए ही सरकारी संस्था ठरवते. त्यावर फक्त जीएसटी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि एमआरपीत तो धरलेला असतो. कमाल किंमत पाहायची असेल तर 'फार्मा सही दाम' हे सरकारी ॲप आहे. आमचं बिलही त्याच्याशी ताडून बघा, आम्हाला राग येणार नाही.

जुन्या बद्धकोष्ठतेसाठी दिली जाणारी प्रुकालोप्राइडची गोळी या यादीत नाही. लिक्विड पॅराफिन, मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि सोडियम पिकोसल्फेट एकत्र करून येणारी सिरपंही नाहीत. अशा औषधांची सुरुवातीची किंमत कंपनी ठरवते. सरकारचं बंधन एवढंच की एमआरपी वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. म्हणून तीच गोळी, तीच ताकद, पण दोन कंपन्यांच्या पट्ट्यांत मोठी तफावत दिसते.

मग "स्वस्तातली द्या" म्हटल्यावर आम्ही का देत नाही? चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या बाबतीत डॉक्टरांनी एका कंपनीचं नाव लिहिलं असेल, तर त्यांना न विचारता दुसऱ्या कंपनीचं देण्याची मुभा औषधविक्रेत्याला कायद्यानं नाही. पैसे वाचवायची खरी जागा आमचं काउंटर नसून डॉक्टरांचं टेबल आहे. तिथे सरळ म्हणा, "डॉक्टर, हे महिनोन्‌महिने घ्यायचं आहे. औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का?" लाजण्यासारखं त्यात काही नाही. मूळ नावाची चिठ्ठी असली की आमच्याकडची सगळ्यात कमी किमतीची कंपनी दाखवायला आम्ही मोकळे. जनऔषधी केंद्रातही मग काम सोपं होतं. लॅक्टुलोज आणि बिसाकोडिल तिथल्या यादीत आहेत; जवळचं केंद्र आणि किंमत 'जनऔषधी सुगम' ॲपवर दिसते. आम्ही गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवतोय असं वाटेल. वाटू दे, महिन्याचं औषध मध्येच बंद पडण्यापेक्षा ते बरं.

डोस तोच चालू आहे का?

सुरुवातीला लिहिलेला डोस बरेच जण वर्षभर तसाच घेत राहतात. लॅक्टुलोजनं पोट नियमित झालं की डॉक्टर बहुतेकदा मात्रा कमी करतात, पण त्यासाठी त्यांच्याकडे परत जावं लागतं. डोस निम्मा झाला की खर्चही निम्मा. प्रुकालोप्राइडचा चार आठवड्यांत फायदा दिसला नाही तर ते पुढे चालू ठेवायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारा. आम्हीही त्याच वेळी आठवण करू. पासष्टीपुढच्या रुग्णांना बरेच डॉक्टर ही गोळी १ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. २ ची गोळी घरी तोडून काटकसर करण्याआधी मात्र त्यांना विचारा.

दुसरी औषधंही एकदा तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, ट्रामाडोल किंवा कोडीन असलेली वेदनेची-खोकल्याची औषधं, ॲल्युमिनियमचे अँटासिड, काही बीपीची आणि नैराश्याची औषधं यांनी कोठा धरतो. एका गोळीनं झालेला त्रास दुसऱ्या महागड्या गोळीनं निस्तरण्यात अर्थ नाही. तुमच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, आम्ही संशयित औषधांवर खूण करून देऊ. मात्र बंद करायचं की बदलायचं, ते डॉक्टरच सांगतील.

चिठ्ठीतलं औषध चालू असताना रात्री सोनामुखीचं चूर्णही घेणारे कमी नाहीत. त्यात दुहेरी खर्च होतो, शिवाय कोणाचा गुण आला तेच कळत नाही. स्वस्त म्हणून स्वतःच्या मनानं बदल करतानाही जपून. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मिल्क ऑफ मॅग्नेशिया डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्या. बिसाकोडिल दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर घेऊ नका, गोळी चावू नका. आणि १३७ ग्रॅमच्या आसपासचं पीईजी पावडरचं (पाण्यात विरघळवून प्यायचं पोट साफ करणारं औषध) मोठं पाकीट कोलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी) आधी आतडी धुऊन काढण्यासाठी असतं. रोजच्या बद्धकोष्ठतेसाठी साधारण १७ ग्रॅमची मात्रा असते. "मोठं पाकीट परवडतं" म्हणून ते नेऊ नका.

शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, उलट्यांबरोबर गॅसही न सरणं, किंवा पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेला मलावरोध असेल तर औषध बदलून मागू नका. आधी तपासून घ्या.

बिलाबद्दल

सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईएसआयसीचं (कामगार विमा) कार्ड असेल तर आधी तिथल्या दवाखान्यात विचारा; तिथे मिळणारं औषध विकत घेण्याचं कारण नाही. आरोग्य विम्यात रोजची औषधं सहसा बसत नाहीत. मात्र घरातल्या साठीपुढच्या ज्येष्ठांचा आरोग्य विमा नसेल आणि तुम्ही जुनी करप्रणाली घेत असाल, तर त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. रोख दिलेले पैसे त्यात धरत नाहीत. म्हणून यूपीआयनं किंवा कार्डानं पैसे द्या आणि बिलावर रुग्णाचं नाव घालायला सांगा.

न उघडलेली बाटली आणि न कापलेली पट्टी बिलासह आठ दिवसांत परत घेतो. उघडलेलं सिरप परत घेता येत नाही.