केमोच्या खुर्चीत व्हीआरचा चष्मा: भाड्याने नेण्याआधी हे वाचा

व्हीआरचा चष्मा म्हणजे डोळ्यांवर बांधायचा पडदा, त्यात चहूबाजूंनी खरे वाटणारे दृश्य दिसते. या चष्म्याने गाठ कमी होत नाही आणि डॉक्टरांची एकही गोळी सुटत नाही. सुई टोचतानाचे दुखणे, मनातली धास्ती आणि सलाईन संपता संपत नसल्याचा कंटाळा हलका करणे, एवढेच त्याचे काम. दुखणे जाणवायला लक्ष तिकडे असावे लागते. डोळे-कान दुसरीकडे गुंतले की ते कमी बोचते. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात १९९० च्या दशकापासून भाजलेल्या रुग्णांना ड्रेसिंगच्या वेळी बर्फाचे देखावे दाखवून हे करून पाहिले गेले.

फिट येत असेल, मेंदूत गाठ असेल, भोवळ येत असेल किंवा डोक्या-चेहऱ्यावर ताजी जखम असेल, तर आम्ही चष्मा देत नाही. इतरांनीही आधी डॉक्टरांना विचारावे.

रुग्णाने टेकून बसावे. उभे राहून चष्मा कधीच लावू नये. वजन साधारण अर्धा किलो आहे आणि केस गेलेल्या टाळूला पट्टा टोचतो, म्हणून आधी सुती टोपी घाला. पट्टा मागे कवटीच्या खालच्या कडेला बसवा. भार नाकावर आला तर वरचा पट्टा आवळा. धूसर दिसले तर भिंगांमधले अंतर बदला, बहुतेकांचे ६० ते ६६ मिमीमध्ये जमते. रिमोट सुई नसलेल्या हातात द्या. आवाज सिस्टरची हाक ऐकू येईल इतकाच ठेवा.

पहिल्यांदा ५ मिनिटे, जमले तर १५-२०, मग विश्रांती. मळमळ वाटली की लगेच काढा. दृश्य पुढे सरकते पण शरीर खुर्चीतच असते, त्यामुळे डोळ्यांचे आणि तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाचे पटत नाही. कन्नड घाटात एसटीत मोबाइल पाहताना होते तेच, फक्त उलट बाजूने. म्हणून आमची दृश्ये स्टँडवर स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्याची आहेत: तोरणमाळचा तलाव, तापीकाठ, रावेरकडची केळीची बाग. भरीत पार्टीचे दृश्य बरेच जण मागतात. केमोच्या दिवशी ते मिळणार नाही, वाफाळते ताट पाहूनही उमासे येतात.

आता नातेवाइकांचे काम. दर ५ मिनिटांनी सुईची जागा पाहा: लाली, सूज, ओली पट्टी. काही औषधे शिरेबाहेर झिरपली तर आतले मांस जळते. त्याची पहिली खूण बहुतेकदा आग होणे ही असते, आणि चष्मा नेमकी तीच खूण बोथट करू शकतो. ज्याला सगळे ‘लाल औषध’ म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन त्यातलेच; ते चालू असताना चष्मा लावायचाच नाही, हा आमचा नियम आहे. एरवीही रुग्ण ‘चुरचुरतंय’ म्हणाला की चष्मा उतरवा आणि सिस्टरला बोलवा. सलाईनला स्वतः हात लावू नका.

केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून प्रत्येक रुग्णाला वेगळे सिलिकॉनचे कव्हर मिळते. ते दुसऱ्याला देऊ नका. बाहेरचा भाग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसा. भिंगांना मात्र अल्कोहोल नको, वरचा लेप जातो. कोरडे मायक्रोफायबर पुरे.

बॅटरी सुमारे दोन तास चालते. चष्मा खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात बॅटरी तापते ते वेगळेच, पण कोणत्याही महिन्यात भिंगे ऊन एकवटून आतल्या पडद्यावर डाग पाडतात. तो डाग निघत नाही, आणि त्याचे पैसे अनामत रकमेतून कापले जातात.