देशी मधमाश्यांची परसबाग (सोलापूर)

स्थानिक मधमाश्यांना वर्षभर मकरंद, पराग, पाणी आणि घरट्याला जागा मिळेल अशा बेताने केलेली घरगुती बाग. मध काढणे हा तिचा हेतू नाही. युरोपातून आणलेल्या, पेटीत पाळायच्या मेलिफेरा माशीशीही तिचा संबंध नाही. पर्जन्यछायेत, काळ्या जमिनीच्या आणि चाळिशीपार जाणाऱ्या उन्हाळ्याच्या सोलापुरात अशी बाग करायची तर झाडे माळरानावरून निवडावीत, नर्सरीच्या दर्शनी रांगेतून नव्हे.

मधमाशी म्हटले की लोकांना आग्या मोहोळ आठवते आणि ते दचकतात. भारतातील मधमाश्यांच्या ७०० हून अधिक जातींपैकी बहुतेक एकेकट्या राहतात. त्यांना राणी नाही, पोळे नाही, म्हणून पोळे राखण्यासाठी तुटून पडणेही नाही. पोळे करणाऱ्यांत घराजवळ भेटणारी म्हणजे फुलोरी माशी. कुंपणाच्या फांदीला ती तळहाताएवढे एकच उघडे पोळे लावते.

या बागेचे मानाचे झुडूप तरवड. त्याची साल पूर्वी कातडी कमावायला वापरत. तेलुगूत हाच तंगेडू. बतुकम्मा या तेलंगणातल्या सणात फुलांची रास रचताना त्याच्या पिवळ्या फुलांना मान असतो, त्यामुळे शहरातल्या तेलुगूभाषक घरांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. तरवडाच्या फुलात मकरंद नसतो, फक्त पराग. तोही पुंकेसराच्या टोकाच्या बारीक छिद्रामागे कोंडलेला. काळा सुतार भुंगा (हीही एक मधमाशीच) किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला घट्ट धरते आणि पंख न फडफडवता छातीचे स्नायू थरथरवते. घूं असा आवाज येतो आणि मिठाच्या डबीतून मीठ सांडावे तसा पराग तिच्या पोटावर सांडतो. पेटीतल्या माशीला ही युक्ती येत नाही. एवढे असून तरवड कोणी मुद्दाम लावत नाही, कारण तो फुकट उगवतो.

बाकीची निवड फुलोऱ्याच्या क्रमाने होते. पाडव्याला आपण कडुनिंबाची फुले गुळाबरोबर खातो, तेव्हा त्याच झाडावर माश्यांची गर्दी असते. करंजही त्याच सुमारास फुलतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात बोर, त्यानंतर कोरांटी. जागाच नसेल तर कुंडीतली तुळस आणि कढीपत्ताही चालतो. मात्र तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडायची सवय थोडी आवरावी लागते. अंगणात डाळिंब असल्यास माश्यांचा फायदा घरातच दिसतो. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि माश्यांची ये-जा असली की त्याची फळधारणा सुधारते.

देशीचा आग्रह हटवादी नसावा. एकदांडी मूळची अमेरिकेतली, तरी तिच्यावर दिवसभर माश्या असतात. खरी निरुपयोगी म्हणजे भरगच्च पाकळ्यांची संकरित फुले. पुंकेसरांच्याच पाकळ्या झाल्याने त्यांत पराग फारसा उरत नाही.

फुले असूनही माश्या टिकत नाहीत याचे कारण बहुधा पायाखाली असते. कित्येक जाती उघड्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात, आणि आपण शहाबादी फरशी भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवतो. कडेची हातभर पट्टी मोकळी ठेवावी. ती खणू नये, रोज भिजवू नये. सुतार भुंग्याला वाळके लाकूड किंवा पोकळ बांबू पुरतो. उन्हाळ्यात पसरट ताटलीत पाणी ठेवताना त्यात खडे टाकावेत, नाहीतर माश्या बुडतात.

कीटकनाशक या बागेत वर्ज्य. ते मारले जाते बहुतेक वेळा गैरसमजातून: गुलाबाच्या पानांच्या कडा कातरलेल्या दिसल्या की कीड लागली असे वाटते. कातरा इतका सुबक असेल तर ते काम पानकातरी माशीचे. ती त्या तुकड्यांची सुरळी करून पिल्लांसाठी खोल्या बांधते: लांबट तुकडे भिंतींना, गोल तुकडे झाकणाला.